माती, राख आणि पुनरुत्थान

जुम्म्याच्या दिवशी सूरह कहफची तिलावत करणारी माणसे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. गुहेत झोपी गेलेल्या त्या तरुणांची, असहाबे कहफची, कथा आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यांचा कुत्रा, त्यांची दीर्घ झोप, खायला आणण्यासाठी शहरात गेलेला एकजण आणि त्याच्या हातातले जुने नाणे. जुलमी सत्तेपासून अल्लाहने आपल्या बंद्यांना वाचवले, एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. कुरआन मात्र याच सूरहमध्ये (१८:२१) आणखी एक कारण सांगतो. लोक आपसात वाद घालत होते, तेव्हा त्या तरुणांचा ठावठिकाणा उघड करण्यात आला, तो अल्लाहचे वचन खरे आहे आणि कयामतीच्या घडीविषयी शंका नाही, हे लोकांना कळावे म्हणून. इब्ने कसीर यांच्यासारख्या भाष्यकारांनी हा वाद कोणता तेही नोंदवले आहे. फक्त रूह पुन्हा उठेल, देह उठणार नाही, असे म्हणणारा एक गट त्या काळी होता.

हा वाद ख्रिस्ती समाजातला होता. आम्हाला या लेखात त्याच वादाच्या मागे जायचे आहे, कारण तो दीड हजार वर्षांपूर्वी मिटला असे वाटत असतानाच अगदी अलीकडे, २०२० साली, कबरस्तानांच्या फाटकांशी वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला.

आपल्याकडे ख्रिस्ती धर्माविषयी बोलणे सुरू झाले की ते लवकरच तस्लीस आणि सलीब या दोन मुद्द्यांवर येऊन अडते. हजरत इसा (अ.) यांना सुळावर चढवले गेले नाही, अशी आपली श्रद्धा आहे (४:१५७), त्यांचा तर सगळा धर्मच सुळावरील मृत्यू आणि तिसऱ्या दिवशीचे उठणे यांवर उभा आहे. मतभेद मोठा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण त्यामुळे होते असे की, सर्वसामान्य माणसाच्या मरणानंतर काय, याबद्दल ख्रिस्ती परंपरेने काय म्हटले हे विचारायचे राहूनच जाते. ‘त्यांच्या मते आत्मा स्वर्गात जातो’ एवढ्यावर विषय संपतो. आज अनेक ख्रिस्ती माणसेही हेच उत्तर देतील. इतिहास मात्र वेगळे सांगतो. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या जुन्या विश्वासांगीकारांत आत्म्याच्या अमरत्वाचा उच्चार नाही. तिथे मेलेल्यांचे, देहाचे, उठणे आहे.

या कल्पनेची मुळे यहुदी धर्मात आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजांनी यहुद्यांवर जुलूम केला, त्या काळातील दानीएलच्या ग्रंथात धुळीत झोपलेले जागे होतील अशी स्पष्ट भाषा येते. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सात भाऊ आणि त्यांची आई यांची कथा आहे. धर्माविरुद्ध अन्न खायला नकार दिला म्हणून एकेका भावाचे हाल करून त्याला मारतात. त्यातला एकजण आपले हात पुढे करून सांगतो की, हे देवाने दिले होते आणि त्याच्याकडूनच परत मिळतील. पुनरुत्थानाची आशा कशी जन्माला आली हे समजून घ्यायचे असेल, तर हा प्रसंग ध्यानात ठेवावा. ही तत्त्वज्ञाच्या ओसरीवर बसून काढलेली कल्पना नव्हती. ज्यांचे हातपाय तोडले गेले त्यांचे हातपाय परत हवे होते. अन्यायाचा हिशेब व्हायचा तर ज्या देहावर अन्याय झाला तो देह साक्षीला हवा, असा तो आग्रह होता. हश्रच्या दिवशी माणसाचे हात आणि पाय साक्ष देतील, असे कुरआन सूरह यासीनमध्ये (३६:६५) सांगतो, ते वाचताना आम्हाला त्या सात भावांची आठवण होते.

यहुद्यांतही सगळे हे मानत नव्हते. मंदिराशी जोडलेला श्रीमंत सदूकी वर्ग पुनरुत्थान नाकारत असे, तर परूशी मानत. सदूक्यांनी हजरत इसांना खिजवण्यासाठी एक कोडे घातले. एका बाईने एकामागून एक सात भावांशी लग्न केले, मग पुनरुत्थानानंतर ती कोणाची बायको? त्यावर, त्या जगात लग्ने नसतात आणि देव मेलेल्यांचा नसून जिवंतांचा आहे, असे उत्तर इंजीलमध्ये आहे. ज्यांचे या जगात बरे चालले आहे त्यांना दुसऱ्या हिशेबाची गरज वाटत नाही, हा अनुभव मक्केतील कुरैशांच्या बाबतीतही आला.

ग्रीक जगात तर ही कल्पना हास्यास्पदच होती. देह हा आत्म्याचा तुरुंग, त्यातून एकदा सुटका झाल्यावर पुन्हा त्यात कशाला यायचे? पौल अथेन्समध्ये बोलत होता तोवर लोक ऐकत होते. मेलेले उठण्याचा विषय निघताच काहीजण हसू लागले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. त्याच पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले. त्यांच्यातही काहीजण मेलेले उठत नाहीत असे म्हणू लागले होते. पौलाने त्यांना बियाचा दाखला दिला. जे पेरतो ते कुजते आणि उगवते ते निराळे दिसते, तरी ते त्याच बियाचे असते. पावसाने मेलेली जमीन जिवंत होण्याचा दाखला कुरआनात किती वेळा येतो हे वाचकांना सांगायला नको. हे पत्र पौलाने इफिस शहरातून लिहिले होते. पुढे असहाबे कहफची ख्रिस्ती कथा घडते ती याच इफिसच्या वेशीबाहेर.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी मेलेल्यांना जमिनीत ठेवले आणि त्या जागेला ग्रीकमध्ये ‘झोपण्याची जागा’ असे नाव दिले. इंग्रजीतला सिमेट्री हा शब्द त्यावरूनच आला. तेव्हाच्या रोममध्ये दहनाची चाल मोठी होती. ख्रिस्ती लोक चिता टाळतात हे रोमनांच्या लक्षात आले आणि त्यामागचे कारणही त्यांनी हेरले. आता इसवी सन १७७ मध्ये गॉलमधील ल्यों शहरात जे घडले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

सम्राट मार्कस ऑरेलियसचा हा काळ. हा सम्राट स्वतः तत्त्वचिंतक होता, त्याचे चिंतन आजही लोक आवडीने वाचतात. त्याच्या राज्यात ल्योंच्या ख्रिस्ती लोकांवर जमाव चालून गेला. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस मारहाणीनंतर तुरुंगात मेला. ब्लँडिना नावाच्या एका गुलाम स्त्रीचे इतके हाल झाले की, हाल करणारेच थकले. वाचलेल्या लोकांनी या घटनेचे पत्र आशियातील आपल्या बांधवांना लिहिले आणि इतिहासकार युसेबियसने ते आपल्या ग्रंथात जपून ठेवले. त्या पत्रात मरणापेक्षाही मोठे दुःख व्यक्त झाले आहे ते मय्यतीबद्दल. प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, पहारा बसवला, लाच देऊनही ती मिळेनात. मग ती जाळून राख ऱ्होन नदीत लोटून दिली. का? तर या लोकांना पुन्हा उठण्याची आशाच राहू नये म्हणून. बघू या आता हे कसे उठतात आणि यांचा देव यांना कसा सोडवतो, अशी ती खिल्ली होती.

छळ करणाऱ्यांनी इथे श्रद्धेच्या मर्मावर बोट ठेवले होते. देहच उरला नाही तर काय उठणार? हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर आम्हाला सर्वांत स्वच्छ सापडते ते मिनुसियस फेलिक्स या लॅटिन लेखकाच्या ‘ऑक्टेवियस’ या छोट्या संवादात. इसवी सन २०० च्या आसपासचे हे पुस्तक. त्यात एक रोमन गृहस्थ ख्रिस्ती लोकांना टोमणा मारतो की, तुम्ही चितेला घाबरता. पण पुरलेला देह तरी राहतो कुठे, काळ सगळ्यांचीच माती करतो. यावर ख्रिस्ती मित्र म्हणतो की, जाळल्याने आमचे काही नुकसान होईल असे आम्ही मानत नाही. देह धूळ होवो, पाणी होवो, राख होवो की धूर; तो आपल्या नजरेआड झाला तरी देवाच्या ताब्यातून जात नाही. आम्ही दफन करतो ते जुनी आणि अधिक चांगली रीत म्हणून.

दफन ही चांगली रीत, पण उठणे तिच्यावर अवलंबून नाही. हा भेद करायला केवढी हिंमत लागते ते पाहा. ज्यांच्या भावंडांची राख नदीत गेली होती, त्यांच्या समाजात हा विचार उभा राहिला.

आपल्याकडे याच आशयाची एक हदीस आहे. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आढळते. मागील उम्मतींपैकी एका पापी माणसाने मरताना मुलांना सांगून ठेवले की, मला जाळा, हाडे कुटून भुकटी करा, थोडी वाऱ्यावर आणि थोडी समुद्रात उधळा. अल्लाहच्या हाती लागलो तर माझी धडगत नाही. मुलांनी तसे केले. अल्लाहने जमिनीला आणि समुद्राला हुकूम केला आणि तो माणूस समोर उभा राहिला. असे का केलेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, तुझ्या भीतीने. आणि अल्लाहने त्याला माफ केले. ल्योंच्या मारेकऱ्यांनी जे द्वेषाने केले ते या माणसाने भीतीने करवून घेतले, आणि दोन्हीकडे राख निरुपयोगी ठरली.

यानंतर वादाला बौद्धिक धार चढली. दुसऱ्या शतकातील अथेनागोरसच्या नावावर एक प्रबंध आहे. त्यात माणसाला मासा खातो, त्या माशाला दुसरा माणूस खातो, मग ते मांस उठताना कोणाचे, हा प्रश्न गंभीरपणे हाताळला आहे. आज आपल्याला यात गंमत वाटेल. पण समुद्रात बुडालेल्यांच्या घरच्यांना ती वाटली नसेल. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने वेगळी वाट काढली. देह हा नदीसारखा सतत बदलत असतो. लहानपणीचे मांस म्हातारपणी नसते, तरी माणूस तोच असतो, कारण त्याचे मूळ रूप टिकते. तेव्हा उठणार ते हे रूप, सूक्ष्म आणि निराळ्या द्रव्याचे. ओरिजेन प्रामाणिक होता, छळाच्या काळात त्याने तुरुंगही भोगला. पण हा विचार पुनरुत्थानाला पातळ करतो असे अनेकांना वाटले. ऑलिंपसच्या मेथोडियसने त्याच्याविरुद्ध लिहिले आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस एपिफेनियस, जेरोम यांनी तर ओरिजेनच्या अनुयायांवर मोहीमच उघडली.

मुस्लिम विचारविश्वात हीच लढाई पुढे पुन्हा लढली गेली. इब्ने सीना (मृत्यू १०३७) यांचे म्हणणे असे की, आत्म्याचे टिकणे बुद्धीने सिद्ध करता येते, देहाचे उठणे मात्र शरीअतीवर विसंबून मानावे लागते. इमाम गझालींनी ‘तहाफतुल फलासिफा’ लिहून तत्त्वज्ञांच्या ज्या तीन मतांना कुफ्र ठरवले, त्यांतले एक म्हणजे देहाच्या उठण्याचा इन्कार. त्या ग्रंथाच्या विसाव्या प्रकरणात माणसाने माणूस खाल्ला तर काय, हा जुना प्रश्नही पुन्हा भेटतो. पुढे इब्ने रुश्द यांनी गझालींना उत्तर दिले. ओरिजेन आणि इब्ने सीना यांच्या शंका एकाच ग्रीक झऱ्यातून आल्या होत्या, आणि दोघांच्या विरोधकांना एकाच गोष्टीची काळजी होती. देह सुटला तर हिशेबही सुटेल.

आता इफिसच्या गुहेकडे येऊ. ख्रिस्ती परंपरा सांगते ती कथा अशी. सम्राट डेसियसच्या काळात (२४९ ते २५१) मूर्तींना बळी देण्याची सक्ती झाली. इफिसमधील काही तरुण ती नाकारून गुहेत लपले, गुहेचे तोंड बंद करण्यात आले. ते जागे झाले तेव्हा सम्राट दुसरा थिओडोसियस (४०८ ते ४५०) राज्यावर होता. राज्य ख्रिस्ती झाले होते, पण देहाचे पुनरुत्थान नाकारणारे लोक ख्रिस्ती समाजातच निपजले होते आणि सम्राट त्या चिंतेत होता. भाकरी घ्यायला गेलेल्या तरुणाच्या हातातील डेसियसचे नाणे पाहून दुकानदाराला वाटले, याला गुप्तधन सापडले आहे. गर्दी जमली, बिशप आला, मग सम्राटही आला. तरुणांनी सम्राटाला सांगितले की, पुनरुत्थान खरे आहे हे दाखवण्यासाठीच आम्हाला उठवले गेले, आणि ते पुन्हा झोपी गेले.

सुरियानी भाषेत सरूगच्या याकोबने (मृत्यू ५२१) यावर काव्यरूप प्रवचन रचले. फ्रान्समधील तूर्चा बिशप ग्रेगरी (मृत्यू ५९४) याने एका सुरियानी माणसाच्या मदतीने ती लॅटिनमध्ये आणली. म्हणजे पैगंबर साहेबांच्या (स.) काळापर्यंत ही कथा पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे सर्वत्र पोचली होती. किती तरुण, किती वर्षे, यावर ख्रिस्ती लोकांतच एकमत नव्हते. कुरआनने संख्येचा वाद निष्फळ म्हणून बाजूला सारला, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. मध्ययुगीन लॅटिन पुस्तकांत झोपेची वर्षे ३७२ दिलेली आढळतात. तेराव्या शतकात संतांच्या कथा संकलित करणाऱ्या याकोबुस दे वोराजिनेने बोटे मोडून हिशेब केला आणि डेसियसपासून थिओडोसियसपर्यंत दोनशे वर्षेही भरत नाहीत, असे तिथल्या तिथे लिहून ठेवले. कथा मात्र त्याने टाकली नाही.

तुर्कस्तानातील सेल्चुक गावाजवळ या नावाने ओळखली जाणारी गुहा आहे. १९२७-२८ मध्ये ऑस्ट्रियन संशोधकांनी तिथे उत्खनन केले तेव्हा शेकडो कबरी आणि मातीचे असंख्य दिवे सापडले. झोपलेल्यांच्या शेजारी आपल्यालाही झोपायला जागा मिळावी, म्हणजे उठताना सोबत होईल, अशी माणसांची इच्छा होती. कोण्या वलीच्या दर्ग्याच्या आवारात दफन व्हावे, अशी वसियत करणाऱ्यांना ती समजेल.

थिओडोसियसच्याच काळात, पण भूमध्य समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर, ऑगस्टीन लिहीत होता. त्याच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या खंडात पुनरुत्थानाच्या सगळ्या अवघड प्रश्नांना त्याने हात घातला आहे. पोटातच मेलेली बालके उठतील का, कापलेल्या नखांचे आणि केसांचे काय, लहानपणी मेलेला माणूस कोणत्या वयाचा होऊन उठेल. स्त्रिया पुरुष होऊन उठतील, असे म्हणणारे लोक तेव्हा होते. ऑगस्टीनने ते स्पष्ट नाकारले. स्त्रीचा देह हा दोष नव्हे, ती स्त्री म्हणूनच उठेल, असे त्याने लिहिले. पाचव्या शतकातील एका पुरुषाच्या लेखणीतून हे आले याची नोंद घ्यावी.

पण आमच्या विषयाला धरून अधिक मोलाचा आहे तो त्या ग्रंथाचा पहिला खंड. इसवी सन ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले, तेव्हा इतकी माणसे मेली की सर्वांना पुरणे शक्य झाले नाही. लोक ऑगस्टीनला विचारू लागले, आमच्या माणसांना कबर मिळाली नाही, त्यांचे काय होणार? त्याने उत्तर दिले की, कबर न मिळाल्याने मेलेल्या ईमानवंताचे काहीही बिघडत नाही. पुढे ४२१ च्या सुमारास नोलाचा बिशप पॉलिनस याच्या प्रश्नावर त्याने स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली आणि तोच मुद्दा पुढे नेला. अंत्यविधीची सगळी उठाठेव मेलेल्यांच्या मदतीपेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी असते. मात्र तेवढ्याने देह टाकून देण्याजोगा ठरत नाही. बापाची अंगठी आणि वस्त्र मुलगा जपतो. देह तर माणसाच्या त्याहून कितीतरी जवळचा.

मेल्यापासून उठेपर्यंतच्या मधल्या काळाचे काय, यावर ख्रिस्ती लोकांत पुढे बराच गोंधळ झाला. आपल्याकडे बर्जखची कल्पना आहे. तिकडे बाराव्या शतकापासून शुद्धिस्थानाची कल्पना पक्की होत गेली. तिथल्या यातना कमी करण्यासाठी माफीपत्रे निघाली आणि त्यांच्या व्यापारावरच १५१७ मध्ये मार्टिन लूथर तुटून पडला. त्याआधी १३३१-३२ मध्ये खुद्द पोप बाविसावा जॉन याने, शेवटच्या निवाड्यापर्यंत पुण्यवानांनाही देवाचे पूर्ण दर्शन होत नाही, असे प्रवचनात सांगून खळबळ उडवली. मरणशय्येवर त्याला ते मागे घ्यावे लागले आणि १३३६ मध्ये त्याच्या वारसाने उलट निर्णय जाहीर केला. आत्मा लगेच स्वर्गात जातो या समजुतीने देहाच्या उठण्याला हळूहळू मागे सारले ते असे. आज सामान्य ख्रिस्ती माणूस जे उत्तर देतो त्याची सुरुवात इथे आहे, असे आमचे मत आहे.

श्रद्धेच्या हाती सत्ता आल्यावर काय होते, हेही सांगणे भाग आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनने सॅक्सन लोकांना जिंकून त्यांच्यावर ख्रिस्ती धर्म लादला, तेव्हाच्या कायद्यात प्रेत जाळणाऱ्याला देहदंड होता. रीत म्हणून स्वीकारलेले दफन आता तलवारीचे झाले. आणि ज्यांना पाखंडी ठरवले त्यांना मात्र मुद्दाम जाळण्यात आले. यान हुस याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळून त्याची राख ऱ्हाईन नदीत टाकली. जॉन विक्लिफला मरून चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. १४२८ मध्ये त्याची हाडे उकरून काढली, जाळली आणि राख जवळच्या ओढ्यात सोडली. ऱ्होनच्या काठी जे आपल्यावर झाले होते, ते आपणच आपल्या माणसांवर करतो आहोत, हे त्या बिशपांपैकी कोणाच्या मनात आले असेल का? ल्योंचे पत्र तर त्यांच्या ग्रंथालयात होते.

आधुनिक काळात वादाला वेगळेच वळण लागले. एकोणिसाव्या शतकात इटलीसारख्या देशांत चर्चविरोधी मंडळींनी दहनाचा प्रचार चालवला, काहीजण तर पुनरुत्थानाचा इन्कार म्हणूनच दहन मागत. रोमने १८८६ मध्ये कॅथलिकांना दहनाची बंदी केली. १९६३ मध्ये ती उठवली. दहनाने आत्म्याला बाधा येत नाही आणि देव देह पुन्हा उभा करण्यास समर्थ आहे, हे तेव्हाचे कारण. मिनुसियस फेलिक्सचेच ते शब्द म्हणायला हरकत नाही. २०१६ च्या सूचनेत दफनच पसंत असल्याचे सांगून राख उधळू नये, वाटून घेऊ नये, पवित्र जागी ठेवावी, असे बजावले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र दहन मानलेले नाही.

मराठीचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त येशूच्या उठण्याची कथा ओवीबद्ध मराठीत आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दहन आणि पुनर्जन्म यांचीच भाषा होती, त्यांना नवी कल्पना सांगायची होती. पुनर्जन्मात देह बदलतो, पुनरुत्थानात तोच देह परत येतो. एका शब्दाच्या फरकात दोन विश्वे आहेत. वृत्तपत्रांतून ईस्टरविषयी लिहिताना अजूनही या दोन शब्दांची गल्लत होते. आणि हे दफन-दहनाचे कोडे ख्रिस्ती झालेल्या एका मराठी कवीने आपल्यापुरते सोडवले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक मे १९१९ मध्ये मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन करण्यात आले आणि रक्षा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेण्यात आली. मातृभूमीची रीत त्यांना प्रिय होती, आणि जळण्याने आपल्या उठण्यात अडथळा येईल असे त्यांना वाटले नसावे.

टिळकांनी निवड केली होती. ल्योंच्या लोकांना निवड नव्हती. हा फरक २०२० मध्ये आपल्यापुढे उभा राहिला. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की, कोरोनाने मृत्यू पावलेल्यांचे, कोणत्याही धर्माचे असोत, दहनच करावे. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले. पण वांद्र्यातील कबरस्तानात अशा मय्यती पुरू देऊ नयेत, यासाठी आजूबाजूचे काही रहिवासी न्यायालयात गेले. दफनाने संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती मागणी फेटाळली. श्रीलंकेत तर सरकारने दहन सक्तीचे केले. दफनाला हरकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगूनही मुसलमानांच्या, आणि दफन हवे असलेल्या ख्रिस्ती लोकांच्याही, मय्यती जाळण्यात आल्या. डिसेंबर २०२० मध्ये वीस दिवसांच्या एका मुस्लिम बाळाला आईबापांच्या मर्जीविरुद्ध जाळण्यात आले. त्यानंतर कोलंबोतील दहनभूमीच्या फाटकाला लोक पांढऱ्या फडक्याच्या चिंध्या बांधू लागले.

त्या दिवसांत आपल्याकडे एक प्रश्न अनेकांनी भीत भीत विचारला. जळालेल्यांचे कयामतीच्या दिवशी काय? उलेमांना त्याचे उत्तर ठाऊक होते, बोटांची टोकेसुद्धा जुळवण्यास अल्लाह समर्थ असल्याचे सूरह कियामह (७५:४) सांगते. पण याच उत्तराचा दुसरा हात काहीजणांनी धरला. तुमचाच धर्म सांगतो ना की देव राखेतूनही उठवतो, मग जाळले तर बिघडले कुठे, असा सवाल काही सुशिक्षित मंडळींनी केला. ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी या सवालाचे दोन्ही भाग वेगळे केले होते. मेलेल्याचे काही बिघडत नाही हे खरे. बिघडते ते जिवंतांचे, ज्यांना गुसल देता आला नाही, जनाजाला खांदा देता आला नाही, मूठभर माती टाकता आली नाही. आणि जबरदस्तीने जाळणारा दुसऱ्याच्या श्रद्धेचाच आधार घेऊन स्वतःच्या जबरदस्तीचे समर्थन करू लागला, तर ते ल्योंच्या जमावाहून फार वेगळे नव्हे. त्या जमावाने निदान खिल्ली उघडपणे उडवली होती.

श्रीलंकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये दफनाला परवानगी मिळाली, तीही पूर्व किनाऱ्याकडच्या ओट्टमावडी येथे, कोलंबोहून दिवसभराच्या अंतरावर. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारने सक्तीच्या दहनाबद्दल माफी मागितली.

फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात ल व्यू-मार्शे नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे सात झोपलेल्यांच्या नावाने एक प्रार्थनामंदिर आणि जवळच एक झरा आहे. दर जुलैत भरणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती जत्रेला १९५४ मध्ये लुई मासिन्यों या कॅथलिक अभ्यासकाने मुसलमानांनाही बोलावले. हल्लाजवरील ग्रंथामुळे आपल्याला परिचित असलेला हाच तो मासिन्यों. अल्जीरियाचे युद्ध त्याच वर्षाच्या अखेरीस पेटले, तरी ती वारी थांबली नाही. ख्रिस्ती लोक मंदिरात ब्रेटन भाषेत त्या सात जणांचे कवन गातात, मग सगळे मिळून झऱ्याकडे जातात आणि तिथे कुरआनचे पठण होते.